जुना कशिदा कसा पाहावा

दरवर्षी हस्तकलेच्या प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की शिवणकामाच्या तासाला एकच प्रश्न वर्गाच्या चारही कोपऱ्यांतून ऐकू येतो : “बाई, नमुना कोठून घ्यावा?” पूर्वी मी ह्या प्रश्नाचे उत्तर फारसा विचार न करता देत असे. कपाटात छापील नमुन्यांचा एक गठ्ठा आहे. त्यातून एखादा कागद काढावा, कार्बनने तो कापडावर उतरवावा व साखळी टाक्याने भरून टाकावा. ह्या रीतीने काम वेळेवर होते, पाहुणे कौतुक करतात व रुमाल धुतला म्हणजे निळी रेघही बहुधा जाते. परंतु एका वर्षी प्रदर्शनाच्या मेजावर मांडामांड करीत असता माझ्या लक्षात आले की, उशांच्या सात अभ्र्यांवर एकच गुलाब आहे आणि चार रुमालांवर एकच राजहंस एकाच दिशेला मान वळवून बसला आहे. आमच्या गावच्या तळ्यात राजहंस कोणी पाहिलेला नाही. पाणकोंबड्या मात्र पुष्कळ आहेत.

त्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. नववीतील एका विद्यार्थिनीने गठ्ठ्यातील कागद न घेता स्वतःच्या मनाने एक हत्ती भरून आणला. त्याचे चारही पाय खांबांसारखे सरळ, पाठ सपाट, पाठीवर अंबारी, सोंड पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेली, आणि डोळ्याचा तर पत्ताच नाही. मी तिला म्हटले, “हत्तीची पाठ गोल असते. प्राणी काढावयाचा तर आधी तो नीट पाहावा.” असे म्हणून मी गुण कापले. मुलगी काही बोलली नाही.

पुढे दोन महिन्यांनी काही कामानिमित्त तिच्या घरी जाण्याचा योग आला. दारात बोहारीण बसली होती. तिच्या पाटीत नवी कोरी भांडी, समोर जुन्या कपड्यांचा ढीग, आणि ढिगाच्या तळाशी एक काळेभोर इरकली लुगडे. मुलीच्या आजी स्टीलच्या एका डब्यासाठी घासाघीस करीत होत्या. मी सहज लुगड्याचा पदर उलगडून पाहिला, तो त्यावर ओळीने तेच हत्ती! पाय सरळ, पाठ सपाट, डोळा नाही. मुलीने हत्ती मनाने काढलाच नव्हता. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेला हत्ती तिने आठवणीने धागे मोजून भरला होता.

“अवो बाई, माझ्या सासूचं हाय ते,” आजी म्हणाल्या. “समदं इरलंय. त्याचा आता काय उपेग?”

डब्याचे रोख पैसे मी बोहारणीस दिले, आणि डबा व लुगडे ही दोन्ही आजींच्या घरातच राहिली. त्या लुगड्यापाशी पुढे मी अनेक रविवार दुपारी बसले. तेथे जे शिकले त्यापैकी काही आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या भरतकामास आपण कर्नाटकी कशिदा म्हणतो. कानडी बोलणारे त्यास कसुती म्हणतात. ‘कै’ म्हणजे हात व त्यापुढे सूत, अशी ह्या नावाची फोड सांगतात. धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर हा त्याचा मुलूख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता, आणि इलकलच्या मागांवर विणलेली लुगडी, ज्यांना आपण इरकली म्हणतो, दक्षिण महाराष्ट्रातील घराघरांत वापरली जात. म्हणून सीमेच्या अलीकडील पेट्यांतही हा कशिदा सापडतो, यात नवल नाही. लुगड्याच्या पदराजवळची जागा, खणाची चोळी व लहान मुलांची कुंची ही तो भरण्याची ठिकाणे.

ह्या कशिद्यात चार टाके आहेत : गवंती, मुर्गी, नेगी व मेंथी. मेंथी म्हणजे आपला फुली टाका. कानडीतील मेथीच्या नावावरून तो ओळखला जातो. नेगी हा लहानमोठ्या धावदोऱ्याचा असून तो विणकामासारखा दिसतो, व ‘नेय’ म्हणजे विणणे यावरूनच त्याचे नाव आले आहे. ह्या दोहोंविषयी अधिक लिहीत नाही. कोणत्याही मुलीला ते एका तासात येतात. खरी करामत गवंतीची, आणि मुर्गी ही तिचीच पायऱ्यांनी चालणारी बहीण. ‘गंटु’ म्हणजे गाठ, त्यावरून गवंती हे नाव पडले असे सांगतात. ज्या कामात एकही गाठ मारावयाची नसते, त्याच्या मुख्य टाक्याला गाठीचे नाव मिळावे ही मोठी गंमतच.

गवंती भरताना कापडावर आधी काहीही रेखाटावयाचे नसते. सुई कापडाचे धागे मोजीत जाते. समजा, चार धाग्यांचा टाका धरला. चार धागे दोरा वर दिसेल, पुढील चार धागे तो कापडाखालून जाईल, पुन्हा चार वर, असा साधा धावदोरा शेवटापर्यंत न्यावयाचा. मग त्याच वाटेने परतावयाचे आणि येताना राहिलेल्या मोकळ्या जागा भरावयाच्या. जाताना जेथे दोरा वर होता तेथे येताना तो खाली असतो. म्हणून रेघ दोन्ही बाजूंनी अखंड व सारखीच दिसते. वाटेत फांदी आली तर? देठावरून जाता जाता पान लागले की सुई देठ सोडून पानाच्या टोकापर्यंत जाते, परत येताना पानाच्या मोकळ्या जागा भरते आणि देठावर येऊन पुढे चालू लागते. देठाच्या मोकळ्या जागा मात्र अगदी शेवटी, परतीच्या वाटेवर भरावयाच्या. दोऱ्याचे टोक गाठ न मारता टाक्यांखालीच दडवावयाचे. एखाद्या परक्या गावात गल्लीबोळ हिंडून, एकही गल्ली न चुकवता, निघालो त्याच वेशीशी परत यावे, तसे हे काम आहे. कोणती गल्ली केव्हा घ्यावयाची हे आधी ठरले नसेल तर मधेच वाट बंद होते, आणि मग सारे उसवावे लागते. हा अनुभव मी स्वतः आजींच्या देखत तीनदा घेतला.

एवढे समजल्यावर हत्तीचे कोडे आपोआप उलगडले. कापडाचे धागे उभे व आडवे. त्यांना मोजून चालणाऱ्या सुईला उभी रेघ येते, आडवी येते, तिरपी येते. गोल रेघ येतच नाही. म्हणून पाठ सपाट, पाय सरळ, आणि सोंड पायऱ्यांची. रथाचे चाक आठ कोनांचे, कमळाची पाकळी टोकदार, आणि तुळशीवृंदावन मात्र हुबेहूब, कारण ते मुळातच पायऱ्यांचे असते. डोळा का नाही? कारण डोळा हा शरीराच्या रेघेपासून सुटा ठिपका. तेथे जावयास वाट नाही, आणि दोरा मागून ओढून नेला तर उलट बाजूला तो लोंबता दिसेल. आजींच्या सासूबाईंनी हत्ती पाहिला नव्हता असे नव्हे. डोळा काढण्यासाठी त्यांना आपल्या टाक्याचा नियम मोडावा लागला असता, आणि तो त्यांनी मोडला नाही. ज्या गोष्टीसाठी मी मुलीचे गुण कापले होते, तीच त्या कामातील सर्वांत कसोशीची गोष्ट होती.

आता, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात हा आग्रह कशासाठी? माझ्या मते याचे उत्तर वस्त्राच्या वापरात आहे. पदर खांद्यावरून, डोक्यावरून घेतला जातो, वाऱ्याने उलटतो, कमरेला खोचला जातो. त्याची आतली बाजू जगाला दिसते. उशीच्या अभ्र्याची आतली बाजू कोण पाहतो?

हे उत्तर मला पटण्याचे एक कारण असे की, हाच टाका, याच रीतीने, इंग्लंडातही चालत असे, आणि तेथेही त्याची जागा अशीच होती. सोळाव्या शतकात तेथे पांढऱ्या सुती-तागी वस्त्रांवर काळ्या रेशमाने भरण्याची मोठी आवड होती. हान्स होल्बाइन ह्या चित्रकाराने १५३६ साली राणी जेन सीमोर हिचे जे चित्र काढले व जे आता व्हिएन्ना येथील संग्रहालयात आहे, त्यात तिच्या मनगटावरील झालरीचे काळे भरतकाम त्याने इतक्या बारकाईने रंगविले आहे की टाके मोजावेत. ह्या टाक्याला इंग्रजीत त्या चित्रकाराचेच नाव पडले आहे. होल्बाइनने सुई कधी हाती धरली असेल असे वाटत नाही. परंतु ज्या स्त्रियांनी ते टाके घातले त्यांची नावे राहिली नाहीत, चित्रकाराचे राहिले. झालर मनगटावर हलते, तिच्या दोन्ही बाजू दिसतात. तेथेही दुतर्फा टाकाच हवा. धारवाडच्या स्त्रीने इंग्लंडच्या स्त्रीपासून घेतले किंवा तिने हिच्यापासून, असे मी म्हणत नाही. गरज सारखी म्हणून उपाय सारखा, एवढेच मला दिसते.

इंग्लंडातील स्त्रिया नमुने कसे जतन करीत, हेही पाहण्यासारखे आहे. त्या एका लांबट कापडावर, जेथे जागा मिळेल तेथे, आवडलेला नमुना भरून ठेवीत. कोणाच्या बाहीवर नवी वेल दिसली की घरी येऊन कापडाच्या कोपऱ्यात तिचे चार टाके घालून ठेवावयाचे. अशा नमुनापटाला ‘सॅम्प्लर’ म्हणतात, व ह्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत ‘उदाहरण’ ह्या अर्थाच्या शब्दात आहे. साल घातलेला सर्वांत जुना इंग्रजी नमुनापट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने १५९८ साली भरला, आणि १५९६ साली जन्मलेल्या ॲलिस ली नावाच्या मुलीचा जन्मदिवस तिने त्यावर अक्षरांनी भरून ठेवला आहे. त्यावर कुत्रा आहे, हरिण आहे, साखळीने बांधलेले अस्वल आहे. आणि काही नमुने तिने भरून पुन्हा उसवले होते, त्यांच्या खुणा कापडात राहिल्या आहेत. त्या उसवलेल्या नमुन्यांपैकी एक आहे हत्ती, व त्याच्या पाठीवर किल्ला! तो तिने का उसवला हे कोण सांगणार? परंतु ते वाचल्यापासून आमच्या पदरावरील अंबारीचे हत्ती पाहताना मला त्या बाईची आठवण होते.

छापील नमुनेही काही आजचे नव्हेत. जर्मनीत ऑग्सबर्ग येथे योहान शोन्सपेर्गर ह्या मुद्रकाने १५२० नंतर थोड्याच वर्षांत भरतकामाच्या नमुन्यांचे पुस्तक छापले. ते अशा पुस्तकांत पहिले मानतात. अशी पुस्तके पुढे पुष्कळ निघाली, परंतु त्यांच्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत, कारण त्या वापरल्या गेल्या. पानावरील नमुन्याच्या रेघेवर सुईने भोके पाडावयाची, पान कापडावर ठेवून वरून कोळशाची पूड झटकावयाची, की खाली ठिपके उमटतात. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीसाठी भोके पाडलेला कागद वापरतात, त्यातलीच ही युक्ती. म्हणजे नक्कल करणे हे पाप नव्हे. जुन्या काळच्या उत्तमोत्तम कारागिरांनीही नक्कल केली. फरक पडतो तो नक्कल कोठे थांबते यात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे एक मांजर. स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट १५६८ साली इंग्लंडात आश्रयास आली, ती १५८७ साली शिरच्छेद होईपर्यंत एलिझाबेथ राणीच्या कैदेतच राहिली. त्या वर्षांत तिने पुष्कळ भरतकाम केले, व त्यातील बरेचसे काम पहारेकरी अर्लची पत्नी बेस ऑफ हार्डविक हिच्या सोबतीने केले. प्राण्यांचे नमुने त्यांनी कोन्राड गेस्नर ह्या झुरिकच्या पंडिताच्या प्राणिग्रंथांतील ठशांवरून घेतले. त्यांतील पहिला १५५१ साली निघाला होता. त्यातलीच एक मांजर मेरीने भरली. ती आज एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यात आहे. पुस्तकातील मांजर काळ्या शाईची. मेरीने ती तांबूस दोऱ्याने भरली. पुस्तकात उंदीर नाही. मेरीने जवळ एक उंदीर भरला. बाकी बसण्याची ढब पुस्तकातलीच. एलिझाबेथ राणीचे केस तांबूस होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या चौकोनाचा अर्थ कोणी सांगावयास नको. पत्रे पहारेकरी उघडून वाचत. भरलेली मांजर कोण उघडून वाचणार?

नमुना घ्यावा तो असा. सांगाडा जुना, आणि त्यात एक-दोन गोष्टी अशा की त्या आपल्याखेरीज दुसऱ्या कोणी घातल्याच नसत्या.

मात्र सांगाडा घेण्यासाठी तो आधी समजावा लागतो. विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) ह्या प्रख्यात इंग्रज कलावंताने व त्याची पत्नी जेन हिने जुने टाके शिकण्यासाठी जुने भरतकाम उसवून पाहिले होते. त्यांची कन्या मे हिने १८८५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वडिलांच्या कारखान्यातील भरतकामाचा विभाग हाती घेतला. उसवण्याची ही रीत शिकण्यास उत्तम, पण आजीच्या लुगड्यावर ती चालवू नये. आमच्या कामाला उलट बाजू पाहणे पुरते. तेथे धूळ व ऊन कमी लागलेले असते, म्हणून मूळचा रंगही बहुधा तेथेच कळतो. सकाळच्या उजेडात कापड सपाट ठेवावे, ताणू नये. भिंग असल्यास घ्यावे. एक टाका किती धाग्यांवर आहे ते मोजावे. मग चौकडीच्या कागदावर एका घराला एक टाका धरून नमुना उतरावा, आणि बाजूला तीन गोष्टी लिहाव्यात : रंग कोणता, वस्त्रावर जागा कोणती, आणि घरातील बाई त्याला काय नाव देते. ह्या तिसऱ्या गोष्टीला मुली आळस करतात. आकार छायाचित्रातही येईल. नाव त्यात येणार नाही. काम झाल्यावर कापड घडीच्या जुन्याच रेघांवर मोडून ठेवू नये, तेथेच ते फाटते. धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून उन्हापासून दूर ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

ह्या रीतीने आम्ही त्या एका लुगड्यावरून अकरा नमुने उतरले. पुढील वर्षी मुलींना गठ्ठ्याचे कपाट बंद ठेवून वही दिली, व एवढीच अट घातली की टाका गवंती किंवा मुर्गी असावा आणि नमुन्यात निदान एक गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहिलेली असावी. सुरुवातीस गोंधळ झाला, काही रडारडही. एकीने सुंदर मोराची शेपूट कमी केली, पाय लांबविले, चोच आखूड केली आणि तळ्यातील पाणकोंबडी उभी केली. दुसरीने वृंदावनाच्या पायऱ्या उलट्या करून त्यांची विहीर बनविली. ती मला फारशी साधली नाही असे वाटते, पण विहीर आहे हे कळते. तिसरीचे काम मात्र सांगण्याजोगे आहे. तिला आपल्या वडिलांची सायकल भरावयाची होती. चाक काही केल्या जमेना. गोल करू जाता ते चेपलेल्या भाकरीसारखे होई. चार दिवस ती माझ्याकडे येऊन चाक दाखवी व मी मान हलवी. पाचव्या दिवशी तिने वहीतील रथ काढला, त्याचे आठ कोनांचे चाक आरांसकट उचलले आणि सायकलला दोन बसविली. आरे मधल्या आसाला जोडलेले असल्याने दोऱ्याला जाण्यायेण्याची वाट आयतीच मिळाली. शंभर वर्षांपूर्वीचे म्हणा की अधिक, पण सायकलच्या चाकाचे उत्तर त्या पदरावर तयार होते.

हत्ती भरणारी मुलगी आता अकरावीत आहे. तिचे गुण मी त्याच वर्षी दुरुस्त करून दिले व वर्गापुढे चूक कबूल केली. त्यावर ती हसली, बोलली काही नाही. आजी मात्र आता स्वतःहून नमुने दाखवू लागल्या आहेत. अकरांपैकी दहांची नावे त्यांनी सांगितली. अकरावा एक लहानसा आठ कळ्यांचा आकार आहे, काठाला लागून, लाल व हिरव्या दोऱ्याचा. “सासूबाई काय तरी म्हणायच्या त्याला,” असे म्हणून त्या बराच वेळ पदराकडे पाहत बसतात, पण नाव आठवत नाही. वहीत त्याच्याखालची ओळ कोरीच ठेविली आहे.

कोणाच्या घरी असे लुगडे, चोळी किंवा कुंची असेल, तर ती बोहारणीच्या पाटीत जाण्यापूर्वी एक दिवस शाळेत आणावी, आणि शक्य असल्यास घरच्या आजींनाही सोबत आणावे. शनिवारी दुपारी मी शिवणकामाच्या खोलीत असते. चौकडीचा कागद व पेन्सिल शाळेतून मिळेल.